कोरी पट्टी

नीलकंठ शनिवारी दुपारी हात धुवायला बसला की लवकर उठत नसे. आधी केरोसीनचा बोळा, मग रवाळ साबण, मग नखांत ब्रश. धातू घासताना चाकाखालून जो काळा लेप उडतो, तो बोटांच्या रेषांत जाऊन बसतो. इतर दिवशी तो तसाच घरी जायचा. शनिवारी मात्र संध्याकाळी तोक्योतल्या निशी-कसाई भागात मराठी मंडळ असायचं, आणि तिथे त्याच्या हातांकडे कुणी बघावं अशी त्याची इच्छा नव्हती.

तो मूळचा भोसरीचा. तिथल्या एमआयडीसीत नळाच्या तोट्यांना पॉलिश करायचा. स्वप्नाशी लग्न झालं तेव्हा ती एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसत होती. पुढे ती शिकत गेली आणि कंपनीने तिला तोक्योला पाठवलं. तिच्या व्हिसावर नीलकंठही आला. ओजिमाच्या सरकारी इमारतीत त्यांना घर मिळालं. इतर घरांत नवरा ऑफिसला आणि बायको घरी, यांच्याकडे उलटं. पहिले काही महिने नीलकंठने कचरा वेगळा करायला आणि भात न करपवायला शिकण्यात घालवले. मग घरामागच्या गल्लीतून चाकाचा ओळखीचा आवाज आला, आणि तो आवाजाच्या दिशेने चालत गेला.

ते किताजिमा-सान यांचं दुकान. शाळांची पदकं, क्लबांचे चषक, कोनशिलेवरच्या पट्ट्या. म्हातारा एकटाच काम करायचा. नीलकंठने भाषा येत नसताना नुसतं चाकाकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने त्याच्या हातात एक पितळी झाकण दिलं. त्याने ते घासून परत दिलं. म्हाताऱ्याने ते उजेडात तिरकं धरलं, नाकातून आवाज काढला आणि उद्या ये म्हणून सांगितलं. व्हिसाच्या नियमाप्रमाणे आठवड्याला ठरावीक तासच काम, म्हणजे इथल्या भाषेत आरुबाइतो. म्हाताऱ्याला ‘नीलकंठ’ म्हणता येईना. तो ‘नीरु-सान’ झाला.

मंडळात पहिल्याच दिवशी ग्योतोकुला राहणाऱ्या प्रसन्नने विचारलं होतं, “नीलकंठराव, तुम्ही कशात आहात?”

प्रसन्न मोठ्या बँकेच्या सॉफ्टवेअरवर होता. प्रश्न सरळ होता. नीलकंठच्या तोंडून निघालं, “स्पोर्ट्स अवॉर्ड्समध्ये.”

“म्हणजे इव्हेंट्स? मार्केटिंग?”

“तसंच काहीसं.”

स्वप्ना शेजारीच उभी होती. घरी येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, “मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही.” सुदैवाने तिला कुणी विचारलं नाही.

एकदा बोलून बसल्यावर ते सांभाळायला बेसबॉलची माहिती हवी होती. ती किताजिमाकडे भरपूर होती. चाक बंद करून चहा घेताना म्हातारा सांगायचा आणि नीलकंठ समजेल तेवढं पदरात पाडून घ्यायचा. व्यावसायिक बेसबॉलमध्ये वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू पत्रकार मतं देऊन ठरवतात, ही पद्धत महायुद्धाच्या आधीपासूनची. चेंडू फेकणाऱ्यांचा वेगळा मान आहे. तो युद्धात मेलेल्या एका फेकणाऱ्याच्या नावाने देतात. तो जुने फेकणारेच ठरवतात, आणि त्यांच्या मनासारखं कुणी नसेल तर देतच नाहीत. दोन हजार साली तो कुणालाच मिळाला नव्हता.

“कुणालाच नाही?” नीलकंठला हे पटेना. “मग असतील त्यातल्या बऱ्याला द्यायचा ना.”

“मग तो बऱ्याचा मान झाला,” किताजिमा म्हणाला.

तिसरा मान छोटा होता, पण दुकानाच्या दृष्टीने तोच मोठा. नदीकाठच्या व्यापाऱ्यांचं एक जुनं मंडळ होतं. तांदूळवाले, लाकूडवाले, बर्फवाले. युद्धानंतर घरंदारं जळालेली असताना त्यांनी पैसे जमवून एक चषक केला आणि दरवर्षी व्यावसायिक खेळाडूंमधल्या उत्तम माणसाला द्यायला सुरुवात केली. वर्तमानपत्रात त्याची दोन ओळींची बातमी यायची. तरी खेळाडू स्वतः येऊन मान स्वीकारायचे, कारण हे म्हातारे धावा मोजत नसत. ते मैदानात बसून एकच बघत, माणूस जीव तोडून खेळतो का.

चषक मंडळाकडेच राही. विजेत्याच्या नावाची जर्मन सिल्व्हरची पट्टी त्याच्या लाकडी बैठकीवर ठोकली जाई. बैठकीचे थर वाढत गेले होते. सगळ्यांत खालच्या पट्ट्या जरा पिवळसर होत्या. त्या काळात धातू मिळत नव्हता, म्हणून त्या एका मोडीत निघालेल्या होडीच्या सामानातून कापल्या होत्या. सगळ्या थरांत मिळून चार पट्ट्या कोऱ्या होत्या. त्या त्या वर्षी लायक कुणी सापडला नव्हता. पट्टी मात्र लावायचीच. वर्ष वगळायचं नाही.

सगळ्या पट्ट्या किताजिमानेच घासलेल्या. नीलकंठ त्या बघत राहायचा. नाव कोरलेल्या पट्टीत नजर अक्षरांवर जाते, बारीक रेघ राहिली तरी लपून जाते. कोऱ्या पट्टीत लपायला जागा नाही. त्या चार पट्ट्या पाण्यासारख्या होत्या. म्हातारा हसून सांगायचा की पुढच्या वर्षीचा खेळाडू मान घ्यायला येतो आणि फोटोआधी त्यात बघून भांग पाडतो.

ही पट्टी करायची रीत अशी. पॉलिश कागद आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक, असे चार. प्रत्येक कागद आधीच्या रेघांना आडवा फिरवायचा, आधीच्या सगळ्या रेघा जाईपर्यंत. मग काथ्याचं चाक, मग कापडाचं. आणि प्रत्येक टप्प्यानंतर पट्टी गरम पाण्यात साबणाने धुवायची, पुसायची, खिडकीशी नेऊन तिरकी धरायची. आधीची एक रेघ जरी दिसली तरी मागे जायचं. नीलकंठला सुरुवातीला धुण्याचा कंटाळा यायचा. भोसरीत कुणी धूत नसे. तिथे शेवटचा हात तेलकट चाकाचा मारायचे. पॉलिशची वडी आणि तेल मिळून बारीक रेघांत भरून बसतं आणि माल आरशासारखा दिसतो. गिऱ्हाइकाने घरी नेऊन तोटी धुतली की रेघा वर येतात, पण तोवर माल विकला गेलेला असतो.

दोन हजार सहाच्या हिवाळ्याआधी किताजिमाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी बांधून तो दुकानात आला आणि म्हणाला, “नीरु-सान, या वर्षीची तू कर.”

नीलकंठला आधी वाटलं, आपल्याला कळलं नाही. “तुम्ही शेवटी बघाल ना?”

“नाही बघणार. मी बघितली तर ती माझी होईल.”

त्या आठवड्यात नीलकंठचे पाय जमिनीवर नव्हते. भोसरीत बारा तास उभं राहून त्याने जे केलं होतं त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. इथे पन्नासहून जास्त वर्षांच्या रांगेत त्याची पट्टी बसणार होती. मराठी मंडळात तो गप्प राहू शकला नाही. तो प्रसन्नला म्हणाला, “यंदा समारंभाला याच. वर्षाच्या बेस्ट प्लेयरशेजारी उभे करतो तुम्हाला, फोटो काढा.”

प्रसन्नची बायको कादंबरी म्हणाली, “खरंच? माझा भाऊ पुण्यात जळून खाक होईल!”

“तुमचं वजन दिसतंय हं तिथे,” प्रसन्न म्हणाला.

“आहे थोडंसं,” नीलकंठ म्हणाला, आणि खिशातले हात खिशातच ठेवले.

नोव्हेंबरच्या अखेरीस व्यापाऱ्यांच्या मंडळाचे प्रमुख हिरानो-सान दुकानात आले. हे बर्फवाल्यांच्या घरातले, ताठ बसणारे. चहाचा पेला हातात घेऊन त्यांनी सांगितलं, यंदा कुणी नाही. ज्याच्यावर सगळ्यांची नजर होती त्या फलंदाजाने वर्षभर चेंडू कुंपणापार मारले. पण शेवटच्या महिन्यात एकदा त्याचा चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हाताकडे गेला, आणि तो पहिल्या बेसकडे पळाला नाही. चालत गेला.

नीलकंठने न राहवून विचारलं, “पण तो बादच होणार होता ना? मग पळून काय उपयोग?”

दोघा म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हिरानो-सान नम्रपणे हसले. किताजिमा हसला नाही.

“कोरी करायची,” तो म्हणाला. “दोन दिवस लागतील. रविवारी सकाळी हे न्यायला येतील, दुपारी समारंभ.”

नीलकंठचं मन पट्टीवरून तिथेच उडालं. खेळाडू नाही, फोटो नाही, त्याने दिलेला शब्द फुकट. आणि पट्टीवर नावच नाही तर ती बघणार कोण? असं त्याच्या डोक्यात चालू होतं. शुक्रवारी त्याने कागद मारले, पण चौथा कागद फिरवताना तिसऱ्याच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे खिडकीशी नेऊन पाहिलं नाही. शनिवारी काथ्याचं चाक झालं, कापडाचं झालं. दुपारी पट्टी धुतली, तिरकी धरली. आणि दिसल्या. आरशाच्या आत, खोल, एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा. तिसऱ्या कागदाच्या. म्हणजे परत चौथ्या कागदावर जायचं. रात्रीपर्यंत काम.

त्या संध्याकाळी निशी-कसाईला मंडळाच्या एकांकिकेची रंगीत तालीम होती. नीलकंठला त्यात कंपनीच्या साहेबाची भूमिका होती. कोट इस्त्री करून ठेवला होता.

किताजिमा आत आडवा झाला होता. नीलकंठने कोपऱ्यातलं जुनं चाक लावलं, त्यावर वडी फिरवली, बोटाने तेल सोडलं आणि भोसरीचा शेवटचा हात मारला. रेघा भरल्या. पट्टी ट्यूबच्या उजेडात लखलखली. त्याने ती कोरड्या फडक्यात गुंडाळून म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवली.

“झाली?” किताजिमाने डोळा न उघडता विचारलं.

“झाली.”

“धुतली?”

“हो.”

मग तो मोरीवर गेला. केरोसीन, रवाळ साबण, नखांत ब्रश. तालमीत त्याचं काम छान झालं. साहेब म्हणून तो उभा राहिला तेव्हा कादंबरी म्हणाली, “काय रुबाब आहे हो! खऱ्या ऑफिसात असे साहेब असते तर मी परत नोकरी धरली असती.” सगळे हसले. घरी येताना नीलकंठला मध्येच पट्टी आठवली. कुणी पुसणार नाही, ठोकतील आणि कपाटात ठेवतील, असं त्याने स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी हिरानो-सान आणि दोघे आले. चषक पेटीतून काढून टेबलावर ठेवला. पट्टीची जागा रिकामी होती. किताजिमाने फडक्यासकट पट्टी पुढे केली आणि म्हणाला, “ही नीरु-सानची.”

हिरानोंनी नीलकंठकडे वळून मान झुकवली. मग बाहीतून एक पांढरा रुमाल काढला. दुसऱ्या म्हाताऱ्याने छोट्या बाटलीतून त्यावर दारू शिंपडली. ही त्यांची जुनी रीत होती. लावण्याआधी पट्टी दारूने पुसायची. नीलकंठला हे माहीत नव्हतं, कारण दरवर्षी त्या सकाळी तो सुट्टीवर असायचा.

रुमाल एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला. रुमालावर काळपट पिवळा डाग उमटला, आणि पट्टीवर रेघा उगवल्या. सगळ्याच्या सगळ्या, एका दिशेने.

हिरानोंनी पट्टी जरा वळवली, परत सरळ केली. किताजिमाने हात पुढे करून रुमाल घेतला. पट्टीकडे पाहिलंच नाही. रुमाल नाकाशी नेला.

“तेल,” तो म्हणाला. “धुतली नव्हती.”

तो प्रश्न नव्हता. नीलकंठची मान आपोआप खाली गेली. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. भोसरीत मिळाल्या असत्या.

“दोन दिवस द्या,” तो कसाबसा म्हणाला. “आज ही लावा. समारंभ झाला की काढून आणतो, पुन्हा करून देतो. फुकट. हात जोडतो.”

हिरानो-सान सावकाश म्हणाले, “लावलेली काढत नाहीत, नीरु-सान. एकदा काढायला लागलं की पुढे नावंही काढावीशी वाटतात.”

“मग लावू नका आज.”

“वर्ष रिकामं ठेवायचं?” दुसरा म्हातारा दचकून म्हणाला.

किताजिमा उठला. खिळे आणि छोटा हातोडा घेतला. एका डोळ्याने चाचपत त्याने स्वतः पट्टी ठोकली. शेवटच्या खिळ्यावर हात ठेवून म्हणाला, “यंदा लायक कुणी नाही असं मंडळाने ठरवलं होतं. बरोबर ठरवलं होतं.”

नीलकंठला घरी जाऊन पांघरुणात शिरायचं होतं. पण दुपारी समारंभ होता आणि त्याने माणसं बोलावली होती. सकाळीच त्याने प्रसन्नला फोन करून सांगितलं होतं की यंदा खेळाडू नाही, येऊ नका. प्रसन्न म्हणाला होता, “अहो, चषक तर आहे ना? तुमचं काम बघायला येतो की.”

व्यापाऱ्यांच्या सभागृहात पंचवीस-तीस म्हातारे जमले होते. विजेता नसला तरी सगळं रीतीप्रमाणे झालं. वर्ष वाचलं, नावाच्या जागी थोडा वेळ सगळे गप्प बसले, मग चहा. प्रसन्न, कादंबरी आणि स्वप्ना मागे उभे होते. किताजिमा कामाचाच निळा अंगरखा घालून आला होता. त्याने नीलकंठकडे पाहिलंही नाही, आणि त्याला टाळलंही नाही.

चहानंतर प्रसन्न चषकाजवळ गेला आणि खाली वाकला. सभागृहाचे दिवे सरळ वरून पडत होते. नवी पट्टी जुन्या चार पट्ट्यांसारखीच चमकत होती. प्रसन्नने तिच्यात बघून केसांतून हात फिरवला.

“ही नवी का? वा! काय चकाचक आहे हो! आरसा झक मारतो हिच्यापुढे. कादंबरी, बघ. नीलकंठराव, हे तुमच्या कंपनीने केलं?”

नीलकंठला हो म्हणता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. म्हाताऱ्यांना मराठी समजत नव्हतं, आणि या दोघांना रेघा दिसत नव्हत्या. कौतुक ऐकून त्याच्या कानशिलांना चटका बसला. सकाळी रुमाल फिरला तेव्हा बसला होता त्याहून मोठा.

“इकडे या,” तो म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी चषक उचलला आणि खिडकीशी नेला. खिडकीतून हिवाळ्याचा तिरका उजेड येत होता. त्याने बैठक वळवली. “आता बघा.”

प्रसन्नने डोळे बारीक केले. “रेघा आहेत का या?”

“आहेत. आता ही बाजूची बघा. ही त्या बाबांची. आणि ही.”

प्रसन्न एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. “ओह,” म्हणाला.

“ही मी घासली,” नीलकंठ म्हणाला. “कंपनी-बिंपनी नाही. गल्लीतलं दुकान आहे. मी तिथे पॉलिश करतो. मार्केटिंग वगैरे काही नाही. आणि हेही नीट केलं नाही. काल रेघा दिसल्या, तर तेलाने भरून टाकल्या आणि तालमीला आलो.”

कादंबरी जमिनीकडे बघू लागली. प्रसन्नने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. “अहो, एवढं काय? आमच्याकडे रोज चालतं हे. याला आम्ही डेमो म्हणतो. क्लायंट समोर असेपर्यंत चाललं की झालं.”

तो चांगल्या मनाने म्हणाला होता. नीलकंठलाही हसायला हवं होतं. त्याला हसू आलं नाही. त्याने चषक परत जागेवर नेऊन ठेवला. मागे वळला तर किताजिमा त्याच्याकडे बघत होता, उघड्या असलेल्या एका डोळ्याने. म्हाताऱ्याला शब्द कळले नसतील. पण चषक खिडकीशी कशाला नेतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं. नजर काढून त्याने पेल्यात चहा ओतला.

समारंभानंतर ते ओजिमाला परत निघाले. प्रसन्न-कादंबरी स्टेशनकडे वळल्यावर स्वप्ना म्हणाली, “काल मी तुला घ्यायला दुकानाशी आले होते. आठवतं? मोरीवर होतास. मी बाहेर थांबले, थांबले, तुझं आटपेचना.”

“हं.”

“हात धुवायला वेळ होता तुला.”

नीलकंठने हातांकडे पाहिलं. ते स्वच्छ होते. नखंसुद्धा.

सोमवारी त्याला वाटलं, म्हातारा दाराशीच थांबवेल. दार उघडं होतं. टेबलावर एका शाळेच्या धावण्याच्या शर्यतीची पदकं पडली होती. पितळी, स्वस्तातली, मुलांच्या गळ्यात एक दिवस राहणारी. किताजिमा त्यांतलं एक घासत होता. त्याने पाण्याच्या पातेल्याकडे मान हलवली. पातेल्यातून वाफ येत होती.

नीलकंठ अजून तिथेच काम करतो. मराठी मंडळातही जातो. हात आता खिशात नसतात, पण फार पुढेही नसतात. प्रसन्न त्याला अजून कधीकधी ‘स्पोर्ट्सवाले’ म्हणून हाक मारतो. नीलकंठ ओ देतो.

पुढच्या वर्षी चषक नव्या पट्टीसाठी दुकानात आला. त्या वर्षी नाव होतं. पट्टी किताजिमाने स्वतः घासली, आणि नंतरच्या वर्षीही. नीलकंठकडे दुसरं काम दिलं गेलं. नवी पट्टी लावण्याआधी अख्खी बैठक पुसून जुन्या पट्ट्यांवरचा वर्षभराचा धूर आणि हातांचं तेल काढायचं. गरम पाणी, साबण, मऊ फडकं. एकेक पट्टी करत तो खालून वर येतो. होडीच्या पिवळ्या पट्ट्या, नावं, चार कोऱ्या. मग ती पाचवी. वर्षभर लोकांची बोटं लागून तिच्या रेघांत थोडं तेल बसलेलं असतं आणि ती बरी दिसत असते.

तो फडकं बुडवतो, पिळतो आणि तीही पुसतो. रेघा वर येतात. त्या पूर्ण दिसेपर्यंत तो पुसत राहतो.